वत्थुविज्जा, फेंगशुई आणि विनयातील निवासविचार

मुळशी तालुक्यातील माण हे एके काळी निव्वळ शेतीचे गाव होते. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान वाढत वाढत माणच्या शिवारात शिरले आणि गेल्या दोन-अडीच दशकांत तेथे वीस-वीस मजल्यांची गृहसंकुले उभी राहिली. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांत आयुष्य घालविलेल्या अनेक बौद्ध कामगारांची मुले आज या संकुलांतून राहतात. आईवडिलांनी पत्र्याच्या खोल्यांत काढलेली वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांच्या दृष्टीने स्वतःच्या नावाचा सातबारा नसला तरी स्वतःच्या नावाचा दरवाजा असणे ही लहान गोष्ट नव्हे.

अशाच एका कुटुंबाच्या गृहप्रवेशाच्या निमित्ताने भन्तेंसमवेत माण येथे जाण्याचा योग आला. त्रिसरण-पंचशील झाले, परित्राणपाठ झाला, खीर वाटली गेली. त्यानंतर घरातील आजींनी भन्तेंना हळूच विचारले, "भन्ते, दार दक्षिणेला आहे. पोरांनी ते बदलून मिळत नाही म्हणून बाकी सगळं केलंय. चालेल ना?" ते 'बाकी सगळं' आम्हाला मग दिसू लागले. दारावर अष्टकोनी आरसा, खिडकीत वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्या, तिजोरीत लाल फितीत ओवलेली तीन चिनी नाणी, ईशान्य कोपऱ्यात पाण्याचे भांडे, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याखाली पितळेची पट्टी आणि चपलांच्या कपाटावर पोट सुटलेला, हसरा 'लाफिंग बुद्धा'. समोरच्या भिंतीवर तथागतांची प्रतिमा आणि बाबासाहेबांचे छायाचित्र होतेच. नातवाने मोकळेपणाने सांगितले, की दक्षिणमुखी म्हणून हे घर थोडे स्वस्त मिळाले. पण वाचलेल्या पैशातील बराच भाग या उपायांवर गेला. आजींचा दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता: "हा हसणारा बुद्ध आपलाच ना?"

भन्ते हसले आणि त्यांनी उत्तर देण्याची सूचना प्रस्तुत लेखकाला केली. त्या दिवशी जे सांगता आले ते अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा यत्न आहे.

प्रथम त्या हसऱ्या मूर्तीविषयी. ही मूर्ती शाक्यमुनी गौतम बुद्धांची नव्हे. इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील आजच्या झेजियांग प्रांतातील फेंगहुआ येथे एक फिरस्ता भिक्षू राहत असे. खांद्यावर कापडाची झोळी असल्यामुळे लोक त्याला 'बुदाइ', म्हणजे 'कापडी झोळी', या नावाने ओळखत. त्याच्या मृत्यूनंतर तो मैत्रेयाचा अवतार होता अशी श्रद्धा रूढ झाली व चिनी विहारांच्या प्रवेशद्वाराशी मैत्रेय म्हणून त्याची लठ्ठ, हसरी मूर्ती बसविण्याचा प्रघात पडला. जपानमध्ये तोच 'होतेइ' या नावाने सात भाग्यदेवतांपैकी एक झाला. जे मिळेल ते झोळीत टाकून वाटेत मुलांना देऊन टाकणारा हा भिक्षू आज आपल्याकडे धनसंचयाचे यंत्र म्हणून विकला जातो, यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात येईल. त्याच्याविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही; परंतु तो बुद्धगृहाचे प्रतीक म्हणून घेण्याचेही कारण नाही.

फेंगशुई या शब्दाचा अर्थ 'वारा आणि पाणी' असा आहे. या विद्येचा जुना संबंध जिवंतांच्या घरांपेक्षा मृतांच्या थडग्यांशी अधिक होता. ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर असलेला तिचा प्रसिद्ध ग्रंथ दफनाविषयीच आहे. वाऱ्याने प्राणशक्ती विखुरते व पाण्याने ती अडून राहते, या कल्पनेवर सारी उभारणी आहे. पुढे भूमीच्या आकारावरून निर्णय घेणारी एक परंपरा व होकायंत्रावरून निर्णय घेणारी दुसरी, अशा दोन शाखा प्रबळ झाल्या. पाठीशी डोंगर, समोर पाणी आणि दाराचे तोंड दक्षिणेस, ही चिनी मनाला सर्वांत प्रिय असलेली रचना होय. याचे कारण गूढ नाही. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात बोचरे वारे उत्तरेकडून येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळते.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. ज्या दक्षिण दिशेला आपल्याकडील वास्तुशास्त्र यमाची दिशा म्हणून भिते, तीच फेंगशुईला उत्तम वाटते. माणच्या त्या घरात दक्षिणेचा दोष काढण्यासाठी जी चिनी वस्तू टांगली होती, तिच्या मायदेशात त्या दाराला दोषच मानला नसता. दोन परस्परविरोधी शास्त्रांची औषधे एकाच रोग्याला दिली जात आहेत आणि रोग मात्र दोन्हींपैकी एकाच्या मते अस्तित्वातच नाही! बाजाराला ही विसंगती अडचणीची वाटत नाही, कारण त्याला दोन्ही विकता येतात.

आता वास्तुशास्त्राकडे वळू. आपल्या समाजातील सुशिक्षित माणसेही वास्तुशास्त्र म्हणजे ऊन-वाऱ्याचे जुने विज्ञान, असे म्हणताना आढळतात. त्यात ऊन-वाऱ्याचा काही अनुभव साठलेला आहे हे नाकारू नये. पण मूळ ग्रंथ उघडून पाहिले म्हणजे त्यातील दिशा कशासाठी वापरली गेली हे कळते. कौटिल्याच्या नावे असलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात दुर्गनिवेशाचे प्रकरण आहे. त्यात नगराच्या उत्तरेस ब्राह्मण, पूर्वेस क्षत्रिय, दक्षिणेस वैश्य व पश्चिमेस शूद्र, अशी वाटणी केली आहे. चांडाळ आणि पाषंड यांना स्मशानाच्या कडेला जागा दिली आहे. पाषंड म्हणजे वेदबाह्य पंथांचे लोक. त्यांत बौद्धही येतात, हे आपण विसरता कामा नये. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचा स्वतंत्र अध्याय आहे. तेथे ८१ पदांच्या चौकटीत पालथ्या पडलेल्या वास्तुपुरुषाची कल्पना येते आणि तेथेच घराची रुंदीही वर्णानुसार ठरते. ब्राह्मणाच्या घराची रुंदी ३२ हात, त्यानंतर प्रत्येक पायरीला ४ हात कमी, असे करीत ती १६ हातांपर्यंत खाली येते. अतिहीनांना त्याहूनही कमी. भूमीचा रंगदेखील वर्णानुसार सांगितला आहे: पांढरी ब्राह्मणाला, तांबडी क्षत्रियाला, पिवळी वैश्याला, काळी शूद्राला.

ही केवळ पोथीतील गोष्ट असती तर तिची एवढी चर्चा करण्याचे प्रयोजन नव्हते. गावकुसाबाहेरची वस्ती ही याच विचारसरणीने जमिनीवर आखलेली रेघ होय. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात विचारला आणि त्याचे उत्तर वंशात किंवा व्यवसायात न शोधता इतिहासात शोधले. ज्यांच्या पूर्वजांना दिशेच्या नावाने गावाबाहेर ठेवले गेले, त्यांच्या नातवंडांनी आपल्या कष्टाच्या पैशाने घेतलेल्या घराला दिशेचा दोष लागला म्हणून घाबरावे, हे दुःखद आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एकीने ब्राह्मणाकरवी होणारे क्रियाकर्म आपण नाकारले. वास्तुशांती त्यामुळे आपल्या घरांतून गेली. आता पुरोहिताच्या जागी सल्लागार आला आहे. तो सोवळे नेसत नाही, संगणकावर नकाशा काढतो, एवढाच फरक.

पालि वाङ्मयात या विद्येला नाव आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, तसेच सामञ्ञफलसुत्तात, ज्या उपजीविकांपासून तथागत व त्यांचे भिक्षू दूर राहतात त्यांची दीर्घ यादी येते. तीत अंगलक्षणे पाहणे, स्वप्ने सांगणे, उंदराने कुरतडलेल्या वस्त्रावरून भविष्य वर्तविणे यांच्याबरोबर वत्थुविज्जा, म्हणजे वास्तुविद्या, आणि खेत्तविज्जा, म्हणजे शेतजमिनीची लक्षणे सांगण्याची विद्या, यांचाही समावेश आहे. या सर्वांना तिरच्छानविज्जा असे संबोधिले आहे. हे सुत्त दीर्घागमाच्या चिनी अनुवादात इ. स. ४१३ पासून उपलब्ध आहे. म्हणजेच फेंगशुईच्या देशातील भिक्षूंनाही तथागतांची ही भूमिका ठाऊक होती.

संयुत्तनिकायातील सूचिमुखीचा प्रसंग तर मोठा मार्मिक आहे. राजगृहात भिक्षाटन करून स्थविर सारिपुत्त एका भिंतीच्या पायथ्याशी बसून जेवत होते. सूचिमुखी नावाची परिव्राजिका तेथे आली आणि तिने विचारले, श्रमणा, खाली तोंड करून जेवतोस काय? वर तोंड करून? दिशांकडे? उपदिशांकडे? प्रत्येक प्रश्नाला सारिपुत्तांनी नकार दिला. मग त्यांनी उलगडा केला. वास्तुविद्येवर जगणारा खाली तोंड करून जेवतो, कारण तो जमिनीकडे पाहून पोट भरतो. नक्षत्रविद्येवर जगणारा वर तोंड करून, निरोप्याचे काम करणारा दिशांकडे, अंगविद्येवर जगणारा उपदिशांकडे. आपण यांपैकी कशावरही जगत नाही, धर्माने भिक्षा मिळवितो. ते ऐकून सूचिमुखी गल्लोगल्ली सांगत सुटली की शाक्यपुत्रीय श्रमणांचे अन्न शुद्ध आहे, त्यांना भिक्षा द्या. येथे आक्षेप घर बांधण्याच्या कलेवर नसून भयावर उपजीविका करण्यावर आहे, हे नीट ध्यानी घेतले पाहिजे. सुतार, गवंडी, कुंभार यांना या यादीत स्थान नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने प्रतिकूल पुरावाही समोर ठेवला पाहिजे. महापरिनिब्बानसुत्तात पाटलिग्राम येथे मगधाचे अमात्य सुनीध आणि वस्सकार नगर वसवीत असताना देवता जागा व्यापून बसल्या आहेत आणि त्यांच्या सामर्थ्यानुसार माणसांची मने तेथे घर बांधण्याकडे झुकतात, असे वर्णन आहे. श्रीलंकेत सापडलेला 'मंजुश्री वास्तुविद्याशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ तर विहारांची आखणी चौकटींच्या मंडलावरच करतो. तेव्हा बौद्ध जगात ही विद्या कधी शिरलीच नाही असे म्हणणे खरे होणार नाही. ती शिरली, आपल्याकडून अपेक्षा एवढीच की शिरलेले आणि मूळचे यांतील भेद आपण ओळखावा.

दिशांविषयी तथागतांनी प्रत्यक्ष काय केले, ते सिगालोवादसुत्तात दिसते. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण पहाटे ओल्या वस्त्रांनी, ओल्या केसांनी सहा दिशांना हात जोडीत होता. मरताना वडिलांनी तसे सांगितले होते म्हणून तो हे करी. त्यामागचे कारण त्याला माहीत नव्हते. तथागतांनी त्याला थांबविले नाही, वडिलांचा अवमानही केला नाही. त्यांनी दिशांचा अर्थच पालटून टाकला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व सहकारी, खालची दिशा म्हणजे नोकर व कामगार, वरची दिशा म्हणजे श्रमण. प्रत्येक दिशेशी माणसाने कसे वागावे, आणि त्या दिशेने उलट त्याच्याशी कसे वागावे, हे पुढे सांगितले. बाबासाहेबांनी १९५७ साली मरणोत्तर प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहस्थांच्या विनयासाठी याच सुत्ताचा आधार घेतला आहे. दक्षिण दिशा यमाची नसून गुरुजनांची आहे, एवढे त्या आजींना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. त्यांचे सासरे पायरीवर बसून मुलांना बाराखडी शिकवीत, अशी आठवण त्यांनी लगेच काढली.

खालच्या दिशेविषयी एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. कामगाराला त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड असेल तर त्याला वाटा द्यावा, वेळेवर सुटी द्यावी, असे सुत्त सांगते. ज्या संकुलात घरकामाला येणाऱ्या बायांसाठी वेगळे उद्वाहन ठेवलेले असते, तेथे कोणत्या दिशेचा दोष आहे हे सांगायला सल्लागार लागत नाही.

बौद्ध परंपरेत घराविषयी विचारच नाही असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. विनयपिटकात तो विपुल आहे, आणि आपल्या विहारांतून त्याचे वाचन फारच थोडे होते.

धनिय नावाचा भिक्षू पूर्वाश्रमीचा कुंभारपुत्र. राजगृहाजवळ त्याने गवताची झोपडी बांधली. लोकांनी गवत-लाकडे पळविली. असे तीन वेळा झाले. तेव्हा त्याने आपली कला वापरली. मातीची कुटी उभारली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. कुटी लाल, देखणी झाली. टिचकी मारली की घंटेसारखी वाजे. तथागतांनी ती पाहिली आणि फोडून टाकण्यास सांगितले. कारण भाजताना असंख्य लहान जीव जळाले होते. दिशा चुकली नव्हती, करुणा सुटली होती. वीटभट्ट्यांच्या धुरातून उभ्या राहणाऱ्या नगरात राहणाऱ्या आपणांस ही कथा जुनी वाटू नये.

आळवीचे भिक्षू मोठमोठ्या कुट्या बांधू लागले व त्यासाठी लोकांकडे सारखे मागत सुटले: माणूस द्या, बैल द्या, गाडी द्या, कुऱ्हाड द्या, वेल द्या, बांबू द्या. शेवटी लोक इतके कंटाळले की लांबून गाय दिसली तरी भिक्षू समजून पळत. त्यावर नियम झाला. स्वतःसाठी मागून बांधलेली कुटी आतून सुगताच्या वितीने १२ विती लांब व ७ विती रुंद, याहून मोठी नसावी. जागा आधी इतर भिक्षूंना दाखवावी. त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात: एक, जागा अनारंभ आहे ना, म्हणजे तेथे मुंग्यांची, वाळवीची, सापा-विंचवांची वा मोठ्या प्राण्यांची वस्ती किंवा माणसांचे शेत वगैरे नाही ना, आणि दुसरी, ती सपरिक्रमण आहे ना, म्हणजे जुंपलेली बैलगाडी भोवती फिरेल एवढी मोकळीक आहे ना. विनयाचे वास्तुपरीक्षण एवढेच. त्यात ईशान्य नाही, आग्नेय नाही. जीव आहेत आणि वारा-उजेड आहे. कोसंबीच्या छन्न भिक्षूने विहारासाठी जागा साफ करताना लोकांना पूज्य असलेला एक वृक्ष तोडला, तेव्हाही लोकांनी सजीवाची हिंसा म्हणून टीका केली आणि मोठ्या विहारांसाठीही जागा दाखविण्याचा नियम घालण्यात आला. वनस्पती तोडणे हा भिक्षूसाठी पाचित्तिय दोष आहे तो वेगळाच. वनरोपसुत्तात उपवने लावणारे, पूल बांधणारे, पाणपोया व विहिरी करणारे, निवारा देणारे यांचे पुण्य दिवसरात्र वाढते असे म्हटले आहे.

हे केवळ ग्रंथातच राहिले काय? आपल्याच खोऱ्यांतील लेण्यांकडे पाहावे. माणपासून मावळ दूर नाही. भाजे येथील लेणी पश्चिमाभिमुख, कार्ल्याचे महाचैत्य पश्चिमाभिमुख, डोंगरापलीकडील बेडसे पूर्वाभिमुख. जुन्नरची लेण्याद्रीची लेणी तर सरळ दक्षिणाभिमुख आहेत. अजिंठ्याला वाघोरेच्या नालाकृती वळणावर लेणी कोरली, तेव्हा ती वळणाबरोबर वळत गेली. दिशेचा नियम असता तर अशा चार तोंडांची चार लेणी एकाच परंपरेत दिसली ना. खडक चांगला कोठे आहे, पाणी कोठे साठेल, व्यापारी वाट किती दूर आहे, हे पाहून जागा निवडली गेली. राहता विहार गावापासून फार दूर नसावा, फार जवळही नसावा, दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा, ही जेतवन शोधताना अनाथपिंडिकाने लावलेली कसोटी मावळातल्या लेण्यांना तंतोतंत लागू पडते.

पाण्याचे तर काय सांगावे. पाणी ईशान्येला ठेवावे, असे वास्तुशास्त्र म्हणते. लेण्यांत पाणी खडकाच्या उताराने ठरले आणि त्यावर दात्याचे नाव लिहिले गेले. कोरीव लेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हणतात. भाज्याला महारठी विण्हुदत्त याने पोढी दिली. बेडशाला सामडिनिका या महारठिनीच्या दानाचा लेख पोढीवरच आहे. देहूरोड-तळेगावच्या मधल्या शेलारवाडीच्या लेण्यात धेनुकाकट येथे राहणाऱ्या एका नांगरधारी कुटुंबिकाच्या पत्नीने, आपल्या मुलासह, लेणे दान दिल्याचा लेख आहे. ती राणी नव्हती, सेठाणीही नव्हती, शेतकऱ्याची बायको होती. या लेण्यापासून जवळच देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. मावळच्या या पट्ट्यात बुद्धाचे घर परत आले ते त्या दिवशी, आणि तेव्हा मुहूर्त वा दिशा पाहिल्या गेल्या नव्हत्या.

आता घराच्या आवरासावरीविषयी. अलीकडे जपानी पद्धतीने घर आवरण्याची पुस्तके लोकप्रिय झाली आहेत. चाकणच्या कारखान्यांत 'फाइव्ह एस' या नावाने निवड, मांडणी, सफाई, प्रमाणीकरण, शिस्त या पाच जपानी सूत्रांचे फलक लागलेले असतात. माणच्या त्या घरातील वडील निवृत्त होईपर्यंत रोज त्या फलकाखाली उभे राहिले होते. या सूत्रांचे मूळ विनयात आहे असा दावा करणे धाडसाचे होईल, आणि प्रस्तुत लेखक तो करीत नाही. परंतु महावग्गातील उपज्झायवत्त, म्हणजे शिष्याने उपाध्यायाची खोली कशी झाडावी याचे प्रकरण, वाचून दाखविले तेव्हा त्या गृहस्थांना फार आश्चर्य वाटले.

त्यातील क्रम असा. आधी पात्र व चीवर बाहेर काढून एका बाजूस ठेवावे. मग आसन, अंथरूण, उशी. पलंग खाली वाकवून, दाराला वा चौकटीला न घासता, न आपटता बाहेर न्यावा. जमिनीवरचे अंथरूण उचलण्यापूर्वी ते कसे घातले होते हे लक्षात ठेवावे. जाळी-जळमटे असतील तर आधी छतावरची काढावी, मग खिडक्यांचे व भिंतींचे कोपरे. गेरूने रंगविलेली भिंत डागाळली असेल तर फडके ओले करून, पिळून पुसावे. जमीन साधी असेल तर पाणी शिंपडून झाडावी, म्हणजे धूळ उडणार नाही. कचरा एका बाजूला टाकावा. सर्व वस्तू उन्हात घालून, झटकून, जेथल्या तेथे ठेवाव्यात. आणि मग दिशा येतात! पूर्वेकडून धुळीचा वारा सुटला तर पूर्वेच्या खिडक्या लावाव्यात. पश्चिमेकडून आला तर पश्चिमेच्या. उत्तरेकडून आला तर उत्तरेच्या. दक्षिणेकडून आला तर दक्षिणेच्या. थंडीत खिडक्या दिवसा उघड्या, रात्री बंद. उन्हाळ्यात दिवसा बंद, रात्री उघड्या. चारही दिशांना येथे समान न्याय आहे. दिशा वाईट नसते, त्या वेळी तिकडून धूळ येत असते. सामायिक पलंग वा आसन उघड्यावर टाकून जाणे, अंथरूण न आवरता निघून जाणे, यांनाही पाचित्तियात स्थान दिलेले आहे. घराची शिस्त हा शीलाचाच भाग मानला गेला.

वस्तू किती असाव्यात आणि जुन्या झाल्यावर त्यांचे काय करावे, याचे उत्तर चुल्लवग्गातील आनंद स्थविरांच्या कथेत आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना ५०० वस्त्रे दिली. राजा चिडला. इतकी वस्त्रे घेऊन श्रमण दुकान मांडणार काय? त्याने जाऊन विचारले. ज्यांची चीवरे फाटली आहेत त्यांना वाटू, असे उत्तर मिळाले. मग फाटक्या चीवरांचे काय करणार? अंथरुणावरच्या चादरी. जुन्या चादरींचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरचे अंथरूण. त्याचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? धूळ झाडण्याची फडकी. आणि फडकी झिजली की? कुटून, चिखलात मळून, त्याने जमीन लिंपू. राजाने समाधान पावून आणखी ५०० वस्त्रे दिली. पालि मूळात तेथे 'लिम्प' हाच धातू आहे. आपल्या आयाबायांनी भिंती लिंपल्या, जमिनी सारवल्या, तो शब्द आणि ते काम दोन्ही अडीच हजार वर्षे टिकले. जुन्या लुगड्यांची गोधडी करणाऱ्या स्त्रियांना ही कथा परकी वाटणार नाही. दुकानातून 'पर्यावरणस्नेही' म्हणून विकत आणलेल्या नव्या वस्तूपेक्षा आजीची गोधडी विनयाला अधिक जवळची आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

या सर्वांमागील दृष्टी निवाऱ्याच्या प्रत्यवेक्षणात आहे. भिक्षू रोज स्मरतो की निवास कशासाठी: थंडी, ऊन, डास-माश्या, वारा, सरपटणारे प्राणी यांपासून बचाव व्हावा, ऋतूचा त्रास टळावा आणि एकांताचा लाभ व्हावा. तेवढ्यासाठीच. शोभा वा भाग्यवृद्धी त्या यादीत नाही. मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्तात हे स्पष्ट सांगितले आहे. गृहस्थाला भिक्षूइतके अल्पेच्छ होणे शक्य नाही, आणि तथागतांनी तशी अपेक्षाही केली नाही. सिगालाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, एक अडचणीच्या काळासाठी. लाल फितीतील नाण्यांसाठी पाचवा भाग काढलेला नाही.

माणच्या त्या घरी महिनाभराने पुन्हा जाणे झाले. अष्टकोनी आरसा काढलेला होता. तो तेथे का नको याविषयी घरात बराच वाद झाला होता असे कळले, आणि सूनबाईंचा अजूनही थोडा विरोध होता. वाऱ्याच्या नळ्या तशाच होत्या, कारण लहान मुलीला त्यांचा आवाज आवडतो. हसरा बुदाइ तिच्या खेळण्यांत गेला होता. समोर नव्या इमारतीचे काम चालू असल्यामुळे पश्चिमेकडून सिमेंटची धूळ येत होती. वडिलांनी उठून पश्चिमेची खिडकी लावली, दक्षिणेचे दार उघडे ठेवले, आणि आजी त्याच दारात सतरंजी टाकून नातीला बाराखडी गिरवायला लावीत बसल्या.